बैठक सर्वांची राहिली पाहिजे

(सीमाभागातील एका वाचनालयाच्या वार्षिक सभेत आमच्या संपादकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर वाचकांसाठी येथे देत आहोत.)



आजच्या सभेपुढे एक ठराव आहे आणि त्या ठरावाला एक उपसूचना आहे. ठराव असा की, यापुढे या वास्तूत राजकीय विषयावर चर्चा होऊ नये. वाचनालय वाचनासाठी आहे, वादासाठी नव्हे. उपसूचना अगदी दुसऱ्या टोकाची आहे. आपली भाषा संकटात असताना भजन, बुद्धिबळ, पाककृती आणि कादंबऱ्या यांत वेळ दवडणे हा करंटेपणा आहे, तरी शनिवारची बैठक सर्वस्वी लढ्याच्या कार्याला वाहून टाकावी, असे तिचे म्हणणे आहे. अर्धे आयुष्य चळवळीत घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला बोलावले म्हणजे तो उपसूचनेची तरफदारी करणार, असा पुष्कळांचा तर्क असेल. मी दोहोंच्या विरुद्ध बोलणार आहे, आणि शेवटी एक तिसरी सूचना आपणांपुढे ठेवणार आहे.

प्रथम मूळ ठरावाचा विचार करू. तो मांडणाऱ्यांची तक्रार खोटी नाही. बैठकीला येणारी माणसे रोडावली, भगिनींचे येणे जवळजवळ थांबले, आणि वर्षानुवर्षे एका बाकावर बसून एकच वर्तमानपत्र वाटून वाचणारे दोन स्नेही आता एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. हे दुखणे खरे आहे. परंतु त्यावर सुचवलेला उपाय म्हणजे डोके दुखते म्हणून डोकेच उतरवून ठेवण्यासारखा आहे.

राजकारण कशाला म्हणावे आणि नित्याचा संसार कशाला म्हणावे, यांच्यामधील रेघ कोण ओढतो, हा पहिला प्रश्न आहे. तहान लागली असता पाणी पिणे याहून नित्याची गोष्ट जगात कोणती? पण सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला, महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले, तरीही ओंजळभर पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांनिशी चवदार तळ्यावर जावे लागले. ज्याच्या घरी आड होता त्याला ते राजकारण वाटले. ज्याच्या घशाला कोरड होती त्याच्या दृष्टीने तो केवळ संसार होता. तेव्हा ‘येथे राजकारण नको’ असे जो म्हणतो, त्याने आपल्या परसात आड आहे की नाही हे एकदा पाहून घ्यावे.

आपल्या सीमाभागात तर ही रेघ मुळीच ओढता येत नाही. जमिनीचा उतारा आपल्याला वाचता येईल अशा लिपीत मिळावा, मुलाला त्याच्या आईच्या भाषेत शिकवणारा मास्तर शाळेत असावा, दवाखान्यातल्या फलकावरील अक्षरे म्हातारीला लागावीत, या मागण्या राजकीय आहेत की घरगुती? ठराव संमत झाला तर उद्या एखादा शेतकरी उताऱ्याचा कागद घेऊन येथे येईल आणि आपण त्याला सांगू की, बाबा, हा कागद बाहेर ठेव, येथे केवळ कादंबऱ्यांची चर्चा चालते. तो पुन्हा येणार नाही, आणि न येण्यात त्याचा काही दोष असणार नाही.

याच संदर्भात आणखी एका नकाराचे स्मरण देतो. पुण्यात १८८५ साली ग्रंथकारांची सभा भरायची होती आणि तिला येण्याविषयी महात्मा फुल्यांना पाचारण झाले होते. त्यांनी पत्र लिहून नकार कळवला. जी मंडळी सर्व माणसांचे मानवी हक्क मनापासून मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. निव्वळ साहित्याची म्हणून बोलावलेली ती सभा. पण ज्यांचे दुःख त्या सभेत बोलता येणार नव्हते, त्यांच्या लेखी ती सर्वांची सभा नव्हती. मूळ ठरावाच्या पुरस्कर्त्यांनी या नकारावर विचार करावा.

आता उपसूचनेकडे वळतो. तीत जो आवेश आहे तो मला परका नाही. म्हणूनच तिच्याविषयी मी अधिक कठोरपणे बोलणार आहे.

पुण्यातच १८९५ साली काँग्रेसचे अधिवेशन भरले. काँग्रेसची बैठक आटोपली की त्याच मंडपात न्यायमूर्ती रानडे यांची सामाजिक परिषद भरावी, असा तोवरचा प्रघात होता. त्या वर्षी त्यावरून रण माजले. सामाजिक प्रश्नांना काँग्रेसच्या मंडपात थारा दिला तर राजकीय कार्याला बाध येईल, असा एका पक्षाचा हट्ट होता. अखेर रानड्यांनी पडते घेतले आणि परिषदेसाठी वेगळी जागा पत्करली. मंडपातील शांतता राखली गेली खरी. पण विधवेचे दुःख, मुलींचे शिक्षण, बालवयातील लग्ने हे प्रश्न मंडपाबाहेर काढल्याने सुटले नाहीत. राजकारणाने घराला बाहेर घालवले, एवढाच त्याचा अर्थ झाला. आपली उपसूचना हेच करू पाहते.

याच्या उलट उदाहरणे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. सार्वजनिक गणेशोत्सवाला १८९३-९४ पासून जे रूप आले, त्याचे बळ कशात होते? आरती, कीर्तन, मेळे, पोवाडे यांच्यासाठी जो माणूस येई, तो राजकीय सभेच्या वाटेला कधी गेला नसता. तो देवासाठी आला, गाण्यासाठी आला, आणि जाताना देशाचा एक विचार घेऊन गेला. आरती बंद करून दहा दिवस नुसती भाषणे ठेवली असती, तर श्रोत्यांमध्ये वक्तेच तेवढे उरले असते.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही असेच घडले. अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड आपणांपैकी बहुतेकांनी ऐकली आहे. पोटासाठी मुंबईला आलेला एक कामकरी आणि गावी राहिलेली त्याची बायको, यांच्या ताटातुटीपासून ती सुरू होते; आणि त्या विरहाच्या वाटेनेच बेळगाव, कारवार, निपाणी, गोवा यांच्या ताटातुटीपर्यंत पोहोचते. ज्याला बायकोचा विरह कळतो, त्याला प्रांताचा विरह समजावून सांगण्यासाठी नकाशा लागत नाही. संसाराचा हात धरूनच राजकारण माणसाच्या काळजापर्यंत गेले. तो हात सोडला की मागे केवळ घोषणा राहते.

बैठक सर्वस्वी राजकीय झाली म्हणजे प्रथम कोण उठून जाते, हे पाहावे. मोठ्याने बोलणारे जात नाहीत. ज्यांना घरी चूल पेटवायची असते त्या भगिनी जातात. ज्यांची नोकरी सरकारी आहे आणि ज्यांना उघड मत देणे परवडत नाही, ते जातात. ज्यांचे मत अद्याप बनलेले नाही, ती तरुण मुले जातात. मागे राहतात ते आपल्याच मताचे पाचसहा जण. आणि ते एकमेकांना जी गोष्ट आधीच पटलेली असते, तीच पुन्हा पटवून देत बसतात. ज्याला पटवायचे तो बैठकीतून निघून गेल्यावर चर्चा जिंकली काय आणि हरली काय, सारखेच.

दुसरे असे की, मनुष्य केवळ मतापुरता ओळखीचा असला म्हणजे मतभेद होताच तो शत्रू ठरतो. ज्याच्याशी मी काल बुद्धिबळाचा डाव मांडला, ज्याने माझ्या आजारी म्हशीला वैद्य आणून दिला, त्याच्याशी मी आज कडाक्याने भांडू शकतो, कारण उद्या पुन्हा डाव मांडायचा असतो. नित्याच्या व्यवहाराचे हे धागे वादाचा ताण सहन करतात. ते तोडून टाकले की पहिल्याच हिसक्याला संबंध तुटतो. येथील त्या दोन स्नेह्यांचे याहून निराळे काय झाले?

उपसूचनेच्या बाजूने एक प्रश्न हमखास विचारला जाईल: घराला आग लागली असता मसाला कोण वाटत बसेल? प्रश्न रास्त आहे. पण आपल्या आगीचे वय किती झाले? १७ जानेवारीला आपण ज्या हुतात्म्यांना वंदन करतो, ते १९५६ सालचे. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना अमलात आली. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ सालचा, आणि महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तो २००४ साली. ज्यांनी पहिल्या मोर्चात लाठ्या खाल्ल्या, त्यांची नातवंडे आज संसाराला लागली आहेत. तीन पिढ्यांचा लढा केवळ आगीच्या धगीवर जगत नाही. तो भाकरीवर जगतो, ओवीवर जगतो, मुलाला रात्री सांगितलेल्या गोष्टीवर जगतो. ज्या भाषेसाठी आपण लढतो, तिच्यात हसणे, विणणे, रांधणे आणि रुसणे चालू राहिले नाही, तर लढा जिंकूनही हाती काय लागणार? भाषा वाचवावयाची म्हणजे प्रथम ती बोलावयाची, आणि माणसे सदासर्वकाळ ठरावाच्या भाषेत बोलत नसतात.

नित्याच्या हिताची वाट कधी आपल्याच कुंपणाबाहेर नेते, हेही विसरू नये. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९८१ साली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी भावासाठी रस्ता रोखून धरला आणि तेथे झालेल्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. तंबाखूचा पडलेला भाव मराठी बोलत नव्हता आणि कानडीही बोलत नव्हता. आपली मागणी यत्किंचितही न सोडता कानडी शेजाऱ्याबरोबर पिकाच्या भावाविषयी बोलता येते, किंबहुना बोललेच पाहिजे. ती बोलण्याची जागा या वास्तूत असावी.

मग मेळ घालावयाचा कसा? एक जुना नमुना बडोद्याचा आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून आपल्या राज्यात ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र सोय केली गेली. एकाची आवड दुसऱ्याच्या आड येऊ नये, पण सर्वांचा उंबरा एकच असावा, हे त्यामागील धोरण आपण उचलण्याजोगे आहे.

दुसरा नमुना आपल्या घरचा आहे. बेळगावला १९४६ साली मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते ग. त्र्यं. माडखोलकर, स्वतः कादंबरीकार आणि स्वतः दैनिकाचे संपादक. त्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. साहित्यिकांनी साहित्य टाकून दिले नाही, आणि राजकारणाचा विटाळही मानला नाही. संमेलन साहित्याचेच होते, म्हणून तर त्या ठरावाला वजन आले. केवळ राजकारण्यांच्या सभेत तो झाला असता तर आणखी एक ठराव, एवढीच त्याची किंमत झाली असती.

या दोहोंवरून माझी सूचना अशी आहे. महिन्यातील शेवटचा शनिवार राजकीय चर्चेला द्यावा. विषय आठ दिवस आधी फळ्यावर लिहावा, दोन्ही बाजूंना सारखा वेळ मिळावा, आणि अध्यक्षस्थानी कोणत्याही पक्षाचा पदाधिकारी नसावा. कोणाच्या घरावर, जातीवर किंवा बोलीवर शब्द गेला तर बोलणाऱ्याला तेथेच थांबवण्याचा अधिकार अध्यक्षाला असावा. उरलेले शनिवार शेती, आरोग्य, पुस्तके, गाणे, पाककृती आणि खेळ यांचे असावेत. त्या दिवशी बियाण्याच्या भावावरून सरकारचे नाव निघाले तर निघू द्यावे. पक्षाचे निघू देऊ नये. मराठी वर्तमानपत्रांच्या शेजारी कानडी वर्तमानपत्रही मेजावर असावे. खरोखरीच आणीबाणी ओढवली तर रीतसर सूचना देऊन सर्वसाधारण सभा बोलवावी आणि तिने हा क्रम मोडावा. एकट्यादुकट्याने उठून मोडू नये. आणि ज्याने चर्चेत सर्वांत अधिक वेळ घेतला असेल, त्याने पुढच्या शनिवारी सर्वांच्या आधी येऊन सतरंजी अंथरावी.

या शेवटच्या कलमाला आपण हसलात. पण मी ते गंभीरपणे सुचवतो आहे. सतरंजी अंथरणाऱ्याला तिच्यावर कोण कोण येऊन बसतो आणि कोण येईनासा झाला, हे दिसते. वक्त्याला ते दिसत नाही.

तेव्हा मूळ ठराव फेटाळावा, उपसूचनाही फेटाळावी, आणि या तिसऱ्या सूचनेवर मत घ्यावे, अशी माझी अध्यक्षांना विनंती आहे. मत देताना जे आज येथे आहेत त्यांच्याकडे पाहू नका; जे यायचे थांबले आहेत, त्यांना परत आणणारा मार्ग कोणता, एवढेच पाहा.