खिडकीपाशी कुणीतरी हवं

आज समाजकार्याची पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यातले बरेच जण आता केसवर्कर, केस मॅनेजर म्हणून रुजू होतील. घरची मंडळी विचारतील, "म्हणजे नेमकं काय करणार?" मी कोकणात आंजर्ले-हर्णैच्या पट्ट्यात हेच काम करते, तेव्हा उत्तर तिथलंच देते.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळात आमच्याकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पंचनामे झाले, भरपाई आली. पण नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. वाडीवाल्याचं नुकसान निदान कागदावर आलं. त्याच्या वाडीत सुपारी सोलून ज्यांची चूल पेटायची, त्यांची मजुरी कुठल्या पंचनाम्यात बसणार?

अशाच एका घरातली मुलगी. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वडील वारलेले, आई कोळंबी सोलायला जाणारी, मुलीची शाळा सुटायच्या बेतात. सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एक पालक गमावलेलं मूलही बसतं; दरमहा २,२५० रुपये मिळतात. मग अडलं कुठे? मृत्यूचा दाखला मुंबईत, रेशनकार्ड आजोबांच्या नावावर, आधारवर आईचं माहेरचं नाव आणि बालकल्याण समिती रत्नागिरीला. एक फेरी म्हणजे एका दिवसाचा रोज बुडाला. आम्ही ओटीवर बसून वहीत लिहिलं : कुठला कागद, कोण आणणार, कधीपर्यंत. दाखला मामाने आणला, नावाची दुरुस्ती दापोलीत झाली, मगच मायलेकी रत्नागिरीची एसटी चढल्या.

पण एवढ्याने शाळा सुरू झाली नसती. मुलीला वेगळं बसवून विचारलं, तेव्हा कळलं की धाकट्या भावाला सांभाळायला घरी कुणी नाही. त्याचं नाव अंगणवाडीत घातलं, दुपारचं शेजारच्या काकूंनी अंगावर घेतलं. कुठल्याही अर्जात हा रकाना नव्हता.

दारातून परत पाठवलं जाणं आमच्याकडे नवं नाही. आंजर्ल्याजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे लहान वयात परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले. सतरा वर्षांचा दिसत नाहीस, म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. मुलाची जिद्द कमी नव्हती. पलीकडच्या माणसाला "जरा थांबा, ऐकून घ्या" असं सांगणारं मोठं माणूस तिथे हवं होतं. पुढे ते महर्षी झाले. पण असे परत पाठवलेले सगळेच महर्षी होत नाहीत. बहुतेक जण पुन्हा कचेरीच्या खिडकीकडे फिरकतच नाहीत. तुमची गरज त्यांना आहे.

२०१५चा बाल न्याय कायदा सांगतो की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, आणि देखभालीखाली घेतलेल्या प्रत्येक मुलाचा वैयक्तिक आराखडा हवा. तो आराखडा टेबलाशी बसून भरू नका. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा बोटीवर जाणारा बाप घरी सापडतो, बोलायला त्याला सवड असते. एरवी दहा गृहभेटी केल्यात तरी अहवालात 'वडील अनुपस्थित' एवढंच येईल आणि वाचणारा समजेल, बाप बेफिकीर आहे.

आणि घराचे निर्णय घरालाच घेऊ द्या. आई तुमचा सल्ला ऐकेल, कधी धुडकावेल. धुडकावला तरी पुढच्या महिन्यात जा.

शेवटी एक काम सांगते. तुमची बदली होईल, प्रकल्प संपेल, नोकरी सुटेल; या क्षेत्रात हे व्हायचंच. म्हणून पहिल्या दिवसापासून फाइल अशी लिहा, की तुमच्या जागी येणाऱ्या माणसाला त्या आईकडून नवऱ्याच्या मृत्यूची हकिकत पुन्हा वदवून घ्यावी लागणार नाही. एवढं जमलं, तर आज हाती आलेली पदवी सार्थकी लागली म्हणा.