खूण आणि तिचा अर्थ



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा आग्रह असे की मुलाने धडा म्हणून दाखवण्याआधी तो समजावून सांगावा. त्या आग्रहाला धरून असा विषय मी आज निवडला आहे. मराठीच्या प्राध्यापकाने समुद्रावरील खुणांविषयी बोलावे याचे कोणाला नवल वाटेल. पण निवृत्तीनंतर काही वर्षे खलाशाचे प्रशिक्षण घेणाऱ्या मुलांच्या वर्गाशी माझा संबंध आला. शिकवण्याचे काम एका अनुभवी कप्तानांचे. माझ्याकडे होते ते भाषेचे. मुले आपल्याच गोव्यातील आणि शेजारच्या सिंधुदुर्गातील, बहुतेक मराठी शाळांतून आलेली. इंग्रजी पुस्तकातील उत्तरे त्यांना पाठ होती. बोयाचे चित्र दाखवले की नाव सांगत. मात्र ‘आता नौका कोणत्या बाजूने न्याल?’ असे विचारले की वर्ग गप्प होई. पाठांतर आणि वाचन यांतले हे अंतर मला आज आपल्यापुढे ठेवायचे आहे.

शब्दाला अर्थ कोठून येतो, या प्रश्नाचा विचार आपल्या नैयायिकांनी फार पूर्वी केला. अमुक शब्दापासून अमुक अर्थ घ्यावा असा जो ठराव, त्याला त्यांनी ‘संकेत’ म्हटले. समुद्रावरील खूण हा शुद्ध संकेतच आहे. लाल रंगात ‘डावे’ असे काही नाही; माणसांनी तसे ठरवले म्हणून तो अर्थ आला. आणि माणसांचा ठराव एक नसला तर काय होते, याची किंमत समुद्राने वसूल केली आहे.

11 जानेवारी 1971 रोजी इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधील डोव्हरच्या सामुद्रधुनीत ‘टेक्साको कॅरिबियन’ हे तेलवाहू जहाज ‘पाराकास’ या जहाजाशी टक्कर होऊन बुडाले. दुसऱ्याच दिवशी ‘ब्रॅन्डेनबर्ग’ हे जर्मन जहाज त्या बुडालेल्या सांगाड्यावर आदळून तळाला गेले. मग त्या जागेभोवती खुणा उभ्या करण्यात आल्या. तरीही 27 फेब्रुवारीला ‘निकी’ हे ग्रीक जहाज त्याच जागी आले, आदळले आणि सर्व खलाशांसह बुडाले. या तीन दुर्घटनांत मिळून 51 माणसे गेली. तिसऱ्या वेळी खूण होती, दिवा होता. परंतु खूण असणे आणि ती वाचली जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

त्या काळी जगात खुणांच्या तीसहून अधिक पद्धती चालत. एका देशातील धोक्याची खूण दुसऱ्या देशात सुरक्षित वाटेची ठरू शके. डोव्हरच्या या आघातानंतर एकीकरणाच्या प्रयत्नांना वेग आला आणि 1980 साली टोकियो येथील परिषदेत आजची पद्धत मान्य झाली. तीतही एक भेद उरलाच. जगाचे दोन विभाग पडले. भारत ‘अ’ विभागात आहे. आपल्याकडे समुद्रातून बंदरात शिरताना लाल खुणा डाव्या हाताला आणि हिरव्या उजव्या हाताला ठेवायच्या. अमेरिका खंड, जपान, दक्षिण कोरिया आणि फिलिपाइन्स यांच्या ‘ब’ विभागात नेमके उलट. म्हणजे आपला मुलगा न्यूयॉर्कच्या बंदरात गेला तर तोच लाल रंग त्याला उजव्या हाताला ठेवावा लागेल.

म्हणून वर्गात पहिला प्रश्न खुणेविषयी नसे. ‘तू कोठे आहेस आणि कोणीकडे निघाला आहेस?’ हा प्रश्न आधी. मांडवीचेच उदाहरण घ्या. आग्वादचे टोक मागे टाकून आत येताना रेईश मागूशचा किल्ला डाव्या हाताला, तर मिरामार आणि पणजी उजव्या हाताला. तेव्हा नियमानुसार लाल खुणा रेईश मागूशच्या अंगाला हव्यात. तीच नौका पणजीहून समुद्राकडे निघाली की लाल उजव्या हाताला येईल. खूण जागची हललेली नाही. वाचणाऱ्याची दिशा बदलली आहे. वाक्याचा अर्थ प्रसंगावाचून लागत नाही, हे आम्ही मराठीच्या तासाला सांगतो. इथे ते पाण्यावर दिसते.

डावे-उजवे या शब्दांनी आणखी एक अडचण उभी केली. नौकेवर पाठमोऱ्या उभ्या असलेल्या माणसाचा डावा हात नौकेच्या उजव्या बाजूला येतो. ‘पोर्ट’ आणि ‘स्टारबोर्ड’ हे शब्द मात्र नौकेला चिकटलेले आहेत. माणूस कोणीकडेही तोंड करून उभा असो, ते बदलत नाहीत. त्यांना मराठी प्रतिशब्द घडवण्याचा मोह मी टाळला. जहाजावर नाना देशांचे लोक असतात आणि तेथील व्यवहारासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 साली इंग्रजी वाक्प्रयोगांचा संच स्वीकारलेला आहे. तेव्हा आज्ञा इंग्रजीत, उलगडा मराठीत, अशी आम्ही वाटणी केली. मातृभाषेचा अभिमान मला कमी नाही. पण आज्ञा सर्वांना एकच कळावी लागते आणि ती का दिली हे ज्याचे त्याला कळावे लागते; या दुसऱ्या कामी मातृभाषेसारखी दुसरी भाषा नाही.

याचा प्रत्यय दिशादर्शक खुणांच्या वेळी आला. खडक किंवा वाळूचा दांडा यांच्या चारपैकी एका दिशेला ही खूण उभी करतात. तिला आम्ही ‘उत्तरेची खूण’ म्हणू लागलो आणि अर्धा वर्ग धोका उत्तरेला आहे असे समजला. दोष मुलांचा नव्हता. षष्ठी विभक्ती मोठी संदिग्ध असते. ‘उत्तरेची’ म्हणजे उत्तरेला असलेली की उत्तरेविषयी सांगणारी? पुस्तकी व्याख्या आणखी लांबवण्याऐवजी आम्ही खुणेलाच बोलते केले: ‘मी धोक्याच्या उत्तरेला उभी आहे, माझ्या उत्तरेने जा.’ एवढ्या एका वाक्याने गाठ सुटली. मग पूर्वेची, दक्षिणेची आणि पश्चिमेची वाक्ये मुलांनी आपणहून रचली.

त्यापुढचे सोपे होते. या खुणांच्या माथ्यावर दोन काळे शंकू असतात. उत्तरेला दोन्ही टोके वर, दक्षिणेला दोन्ही खाली. पूर्वेला शंकूंचे तळ एकमेकांना लागलेले, पश्चिमेला टोके समोरासमोर. अंगावरचा रंग काळा आणि पिवळा. शंकूंची टोके जिकडे वळलेली तिकडे काळा पट्टा. रात्री पांढरा दिवा लुकलुकतो आणि तेथे घड्याळ उपयोगी पडते. पूर्वेला तीन लुकलुका, दक्षिणेला सहा, पश्चिमेला नऊ, उत्तरेला अखंड. दक्षिणेच्या सहांनंतर एक लांब झळक मुद्दाम जोडलेली आहे. लाटेआड एखाददुसरी लुकलुक हुकली तरी सहाचे तीन किंवा नऊ वाटू नयेत, म्हणून ही तजवीज. माणूस मोजताना चुकणार, हे गृहीत धरून ज्यांनी हा संकेत ठरवला त्यांच्या शहाणपणाला मी शिक्षक म्हणून नमस्कार करतो.

एकाच अर्थासाठी रंग, आकार, माथ्याची खूण आणि दिवा असे चार पुरावे का, असे एका मुलाने विचारले. सूर्य बोयाच्या मागे असला की सगळेच रंग काळे दिसतात. तेव्हा आकार बोलतो. अंधारात आकार मुका होतो. तेव्हा दिवा बोलतो. शिवाय बोया साखळीने तळाशी बांधलेला असतो. वादळात तो सरकतो, कधी तुटून वाहून जातो. म्हणून केवळ तरंगत्या खुणेवरून आपली जागा ठरवू नये. किनाऱ्यावरील स्थिर वस्तूंशी ताडून पाहावे. मच्छीमारांच्या घरातील मुलांना हे सांगावे लागले नाही. किनाऱ्यावरचे देऊळ आणि मागची टेकडी एका रेषेत आली म्हणजे आपण कोठे आहोत, हे ती आजोबांच्या होडीत शिकून आली होती. बंदरात दोन खांब एका रेषेत आणून वाट दाखवतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. आजोबांकडून आलेली ही विद्या आणि पुस्तकातील विद्या एकच आहेत असे कळले, तेव्हा मागच्या बाकावरची ती मुले प्रथमच वर्गात मोठ्याने बोलू लागली.

आता उपग्रहाच्या साहाय्याने जागा कळते, मग डोळ्यांचे काम काय, असेही विचारले जाते. परंतु अलीकडच्या वर्षांत काळ्या समुद्रात आणि पूर्व भूमध्य समुद्रात उपग्रहांच्या संदेशांत अडथळे आणले जात असल्याचे वारंवार दिसले आहे. जहाजांची टक्कर टाळण्यासाठी 1972 साली झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांतही डोळ्यांनी आणि कानांनी सतत पहारा ठेवण्याचे बंधन आहे, आणि ते आजही लागू आहे.

या ओघात शाळेकडे एक मागणे आहे. ज्याला लाल-हिरवा भेद दिसत नाही, त्याला जहाजावर पहाऱ्याचे काम मिळत नाही. हा दोष जन्मजात असतो आणि मुलींपेक्षा मुलांत कितीतरी अधिक आढळतो. कित्येकदा तो वैद्यकीय तपासणीच्या दिवशी कळतो. तोवर घरच्यांनी कर्ज काढलेले असते. रंगीत ठिपक्यांच्या तक्त्यांनी ही तपासणी काही मिनिटांत होते. आठवीच्या वर्गात ती झाली तर एखाद्या मुलाचे आणि त्याच्या घराचे मोठे दुःख टळेल. समुद्रावर नोकरी केलेले माजी विद्यार्थी आज येथे बसले आहेत. त्यांनी हे काम अंगावर घ्यावे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यातील थोडेच समुद्रावर जातील. पण खुणा सर्वांनाच वाचाव्या लागतात. खूण दिसली की आधी आपण कोठे उभे आहोत ते पाहावे, मग कोणीकडे निघालो आहोत ते आठवावे आणि एका पुराव्यावर न थांबता दुसरा शोधावा. गुरुवर्यांचा धडा समजावून सांगण्याचा आग्रह मला तरी याच अर्थाचा वाटतो.