बेकारांसाठीचा कर आणि मालकाचे विवरणपत्र

(खडकी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



खडकीचा बाजार पगाराच्या तारखेवर जगतो. 1869 साली येथे दारूगोळा कारखाना उभा राहिला. पुढे स्फोटकांचा कारखाना, लष्कराची कर्मशाळा आणि किर्लोस्कर ऑइल इंजिन्ससारखा खाजगी उद्योग आला. इथल्या कामगाराच्या पगारपत्रकात कपातीच्या रकान्यात एक छोटी नोंद असते : व्यवसाय कर. आजच्या दराने ती महिना 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये आहे. भविष्यनिर्वाह निधीची कपात कशासाठी होते हे प्रत्येक कामगार सांगू शकतो. व्यवसाय कर कशासाठी जातो, हे सांगणारा मात्र क्वचितच भेटतो.

हा कर बेकारांसाठी आहे. वि. स. पागे यांनी 1965 साली तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग केला. 1972-73 च्या भीषण दुष्काळात लक्षावधी स्त्री-पुरुष दुष्काळी कामांवर खडी फोडत होते, तेव्हा त्या प्रयोगामागील विचाराची खरी कसोटी लागली. काम मागणाऱ्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, हे तत्त्व मान्य झाले. परंतु तत्त्वाला पैसा लागतो. तो उभा करण्यासाठी 1 एप्रिल 1975 पासून राज्यात व्यवसाय कर लागू झाला. 1977 च्या रोजगार हमी कायद्याने स्वतंत्र निधीची व्यवस्था केली आणि जमा होणाऱ्या करांच्या बरोबरीने सरकारनेही आपला वाटा घालावा असे ठरले. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्त्याची तरतूद होती. तो दिवसाला किमान एक रुपया होता. रक्कम क्षुल्लक होती, तत्त्व क्षुल्लक नव्हते. 2005 साली संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा राष्ट्रीय कायदा केला, त्याच्यापुढे महाराष्ट्राचाच कित्ता होता.

आता हा कर गोळा कसा होतो ते पाहावे. मालकाने नोंदणी प्रमाणपत्र घ्यायचे, पगारातून कर कापायचा, सरकारात भरायचा आणि विवरणपत्र दाखल करायचे. कामगाराच्या पगारातून कापला नाही तरी कर भरण्याची जबाबदारी मालकाचीच राहते. विवरणपत्राला उशीर झाला तर विलंब शुल्क, भरण्याला उशीर झाला तर व्याज. पगाराच्या कोणत्या टप्प्यात किती नोकर आणि त्यांचा कर किती, हे मालक लिहून देतो.

या विवरणपत्रात फार मोठी माहिती दडलेली आहे. एका कारखान्याच्या मागच्या विवरणपत्रात तीनशे माणसे होती आणि या वेळी दोनशे चाळीस आहेत, तर साठ माणसे कुठे गेली? निवृत्त झाली, कमी केली की ठेकेदाराच्या पटावर ढकलली? हा प्रश्न विचारणारा रकाना विवरणपत्रात नाही. कर अधिकारी माणसांना दराने गुणतो, भरलेल्या रकमेशी ताळा जुळवतो आणि कागद बाजूला ठेवतो. बेकारांच्या नावाने घेतलेल्या कराच्या कागदावर बेकार झालेल्या माणसाचीच नोंद होत नाही!

रिकाम्या जागांची माहिती देण्याचे बंधन 1959 च्या कायद्याने मालकांवर घातले होते. पंचवीस वा अधिक माणसे असलेल्या खाजगी आस्थापनेने सेवायोजन कार्यालयाला जागा कळवाव्या आणि दर तिमाहीला विवरण पाठवावे, अशी ती तरतूद. पण कार्यालयाने पाठवलेला उमेदवार घेण्याची सक्ती नव्हती आणि पहिल्या गुन्ह्याला दंड होता फार तर पाचशे रुपये. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने हा विषय आपल्याकडे घेतला. परंतु नेमणुकीची सक्ती तिच्यातही नाही. अशा रीतीने एक विवरण कर मोजते, दुसरे जागा मोजते. काम गेलेला माणूस दोन्हींच्या मधून निसटतो.

कराचा भार कोणावर पडतो, हा दुसरा प्रश्न. महिना 12,000 रुपये मिळवणारा पुरुष मदतनीस वर्षाला 2,500 रुपये देतो, म्हणजे उत्पन्नाच्या पावणेदोन टक्क्यांच्या जवळपास. महिना 2 लाख मिळवणारा अधिकारीही 2,500 रुपयेच देतो. त्याच्या बाबतीत हे प्रमाण एक दशांश टक्का आहे. आणि त्यांना नोकरीवर ठेवणारी कंपनी? तिलाही स्वतःच्या नावावर वर्षाला 2,500 रुपयेच कर आहे. घटनेच्या 276 व्या कलमातील 250 रुपयांची कमाल मर्यादा 1988 च्या साठाव्या दुरुस्तीने 2,500 केली, ती तिथेच थांबली आहे. 2023 पासून 25,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना सूट मिळाली, हे स्वागतार्ह आहे. पण वरच्या टोकाला कोणी हात लावलेला नाही.

या ठिकाणी अमेरिकेचे उदाहरण बोधप्रद ठरेल. तो काही समाजवादी देश नव्हे. तरीही 1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने तेथे बेकारीचा कर मालकावर बसवला. बहुतेक राज्यांत कामगाराच्या वेतनातून त्यासाठी एक पैही कापली जात नाही. शिवाय ज्या मालकाची कामगार कमी करण्याची सवय अधिक, त्याचा दर अधिक. बेकारी निर्माण करणाऱ्याने तिचा खर्च सोसावा, हे तत्त्व भांडवलशाहीच्या माहेरघरी चालते. महाराष्ट्रात मात्र बेकारांसाठी नोकरदार पैसे देतो आणि मालक केवळ हिशेबनीस राहतो.

यावर काही मित्र म्हणतात की खडकीच्या कामगाराला या कराचा उपयोग नाही, तेव्हा तो रद्दच करावा. रोजगार हमी ग्रामीण भाग आणि ‘क’ वर्ग नगरपालिकांपुरती होती. छावणी भागातला कामगार बेकार झाला तर हमीच्या कामावर त्याचा हक्क नव्हता. कामगार राज्य विमा महामंडळाने 2005 व 2018 साली बेकारी भत्त्याच्या योजना काढल्या, पण त्या विमाधारकापुरत्या आणि ठराविक मुदतीपुरत्या. तक्रार खरी आहे. तिच्यावरचा उपाय मात्र चुकीचा आहे. गावात काम मिळाले नाही तर तोच मजूर शहरात येतो आणि मिळेल त्या मजुरीवर ठेकेदाराच्या दारात उभा राहतो. गावच्या मजुराला मिळालेली हमी शहरी कामगाराच्या मजुरीलाही आधार देते. दोघांची फारकत झाली की फायदा ठेकेदाराचा होतो.

1 ऑक्टोबर 2021 रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या करण्यात आल्या आणि खडकीचे कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले. शतकभर ज्या नोकरीला लोक दगडावरची रेघ समजत होते, तिच्याबद्दलही कामगारांच्या घरांत काळजीने बोलले जाऊ लागले. म्हणून शहरातल्या बेकारीचा प्रश्न आता पुढे ढकलता येणार नाही.

मागण्या तीन असाव्यात. पहिली : मालकाच्या विवरणपत्रात किती माणसे लागली, किती गेली व का गेली, आणि ठेक्यावर किती आहेत, हे रकाने घालावेत, त्यांचा तालुकावार गोषवारा जाहीर व्हावा. दुसरी : कंपन्यांकडून एकूण वेतनखर्चाच्या प्रमाणात वर्गणी घ्यावी आणि कामगार कपात करणाऱ्याचा दर चढा ठेवावा. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत असेल तर ती व्हावी, अथवा सामाजिक विम्याचा मार्ग घ्यावा. तिसरी : हमी शहरांपर्यंत न्यावी. केरळने 2010 साली अय्यनकाळी यांच्या नावाने शहरी रोजगार हमी योजना सुरू केली. ज्या राज्याने देशाला हमी शिकवली, त्याला हे अशक्य नाही. याबरोबरच व्यवसाय कर किती जमला आणि त्यातला किती रोजगारावर खर्च झाला, याचा हिशेब विधिमंडळापुढे दरवर्षी सोप्या भाषेत यावा.

कार्यकर्त्यांनी आरंभ पगारपत्रकापासून करावा. वस्तीतल्या बैठकीत ते उघडून त्या एका नोंदीचा अर्थ सांगावा. आपल्या 200 रुपयांचा इतिहास ज्या कामगाराला कळेल, तो त्यांचा हिशेब मागितल्याशिवाय राहणार नाही.