एक तास मुलींचा

ऑक्टोबर २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींचा फुटबॉल विश्वचषक भारतात झाला. अंतिम सामना नवी मुंबईत रंगला. स्पेनने कोलंबियाला १-० असं हरवलं. आपल्या मुली भुवनेश्वरला तिन्ही सामने हरल्या. पहिल्याच सामन्यात अमेरिकेने आठ गोल केले, तरी पुढच्या दोन्ही सामन्यांना त्या मैदानात उतरल्या.

आणि आम्ही चिखलीतल्या बाया? मुलगी वयात आली, की "आता पुरे" म्हणून तिचं खेळणं आम्हीच बंद करतो. मुलगा मात्र अंधार पडेपर्यंत मैदानावर. मग हरून पुन्हा उभं राहायला ती शिकणार कुठे?

म्हणून आमच्या गटाने ठरवलंय: संध्याकाळचा एक तास मुलींचा. भाकऱ्यांना आम्ही आहोत, पाणी भरायला भाऊ आहे. तुम्हीही ठरवा.