मैदानाची किल्ली

मुंबईहून हावड्याकडे निघालेली आगगाडी नागपूर, गोंदिया, राजनांदगाव ही स्टेशने मागे टाकीत दुर्ग गाठते आणि दुर्ग सोडले न सोडले तोच भिलाई येते. रुळांच्या एका अंगास पोलादाचा कारखाना आणि त्याच्यासाठी वसविलेली नगरी. दुसऱ्या अंगास कॅम्प, सुपेला, खुर्सीपार ह्या वस्त्या. लोहमार्ग येथे गावातून नुसता जात नाही, तो गावाचे दोन भाग करतो. एका भागात नकाशा आधी झाला आणि माणसे मागाहून राहावयास आली. दुसऱ्या भागात माणसे आधी आली आणि नकाशा मागाहून आला. मुलांनी खेळावे कोठे, ह्या साध्या प्रश्नाची दोन निराळी उत्तरे ह्या एका गावात सापडतात, ती ह्यामुळेच.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत रशिया ह्यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद ह्यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. मधल्या चार वर्षांत भाताच्या खाचरांवर एक नगर उभे राहिले. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे विदर्भातील मराठी माणसाला हा मुलूख परका नव्हता. त्याच्याबरोबरच बंगाल, आंध्र, केरळ, पंजाब, बिहार येथून माणसे आली. नगरीची आखणी सेक्टरांत झाली. प्रत्येक सेक्टरला आपली शाळा, आपला बाजार, आपले आरोग्यकेंद्र आणि आपली मोकळी जागा असावी, अशी ती कल्पना होती. सेक्टर ६ मध्ये आजही त्या काळच्या सरमिसळीची खूण दिसते. अरबी अक्षरांच्या आकारात बांधलेली जामा मशीद तेथे आहे, गुरुद्वारा तेथे आहे आणि बंगाल्यांची कालीबाडीही तेथेच आहे. देवाला भेटण्याच्या जागा ज्याने त्याने आपापल्या बांधल्या. खेळण्याची जागा मात्र सर्वांना मिळून एकच होती. परप्रांतांतून आलेल्या कुटुंबांची मुले एकमेकांची भाषा शिकली असतील तर ती ह्या मोकळ्या जागेत, असे मानावयास हरकत नाही.

परंतु कारखाना बांधणारे सगळेच हात कारखान्यात कायम झाले नाहीत. बांधकामाच्या मजुरांच्या छावण्यांतून वस्त्या वाढल्या. ‘कॅम्प’ हे नावच त्याची साक्ष देते. जोनाथन पॅरी ह्या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने भिलाईच्या कामगारांचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि २०२० मध्ये ‘क्लासेस ऑफ लेबर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. भिलाईतला माणूस ‘नौकरी’ आणि ‘काम’ ह्या दोन शब्दांत जो भेद करतो, तो पॅरींनी नेमका हेरला. कारखान्यातील कायम जागा ती नौकरी. कंत्राटदाराकडे रोजावर करावयाचे ते काम. नौकरीबरोबर घर येते, दवाखाना येतो, शाळा येते, आणि त्याच हिशेबात मुलांना मैदानही येते. कामाबरोबर संध्याकाळची मजुरी येते, आणखी काही येत नाही. म्हणजे चेंडूमागे धावणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाला ठाऊक नसले, तरी तो कोठे धावणार हे त्याच्या बापाच्या हजेरीपत्रकावर ठरून गेलेले असते. पुढे दिवस पालटले. एके काळी ह्या कारखान्यात साठ हजारांहून अधिक कायम कामगार होते. आज ती संख्या तिच्या एका तृतीयांशाहूनही खाली आली आहे. जी मोकळी जागा नौकरीवाल्यांसाठी आखली गेली ती राहिली. तिच्यावर हक्क सांगणारे मात्र कमी झाले. आणि जेथे मुलांची दाटी आहे तेथे जागा नाही.

अशा वस्तीत क्रीडाकेंद्र उभारावयाचे म्हटले, की पहिला आक्षेप जागेचाच येतो. तो खरा आहे. पण वाटतो तितका खरा नाही. फुटबॉलचे पूर्ण मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. बास्केटबॉलला २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद एवढी जागा पुरते. एका फुटबॉल मैदानाचे क्षेत्रफळ अशा सतरा मैदानांएवढे भरते. कबड्डीला तर १३ बाय १० मीटर पुष्कळ झाले. बास्केटबॉलचा जन्मही अडचणीच्या जागेतच झाला. १८९१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ ह्या शिक्षकाने, बाहेर बर्फ पडत असताना व्यायामशाळेच्या चार भिंतींत खेळता यावा म्हणून, पीचच्या फळांच्या टोपल्या सज्जाला ठोकून हा खेळ रचला. दाटीवाटीच्या वस्तीला असाच खेळ साजतो. आणि हे केवळ तर्काने म्हणावयाचे नाही. ह्याच लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाशी त्याचा दाखला आहे.

मुंबईहून गाडी सुटली की थोड्याच वेळात भायखळा लागते. तेथून जवळच नागपाडा आहे. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ही वस्ती म्हणजे मुंबईच्या गरिबीचा एक संग्रहच होती. मुसलमान, यहुदी, ख्रिस्ती आणि कोकण-देशावरून आलेले मराठी श्रमिक एकेका खोलीत दाटीने राहत आणि शेजारी कामाठीपुरा होता. १८१३ पासून मुंबईत काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनने १९२५ मध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट ह्या तरुण पाद्र्याला येथे आणले. मॅनशार्ट शिकागो विद्यापीठातून आले होते. जेन अ‍ॅडम्स ह्यांनी १८८९ मध्ये स्थापन केलेले ‘हल हाउस’ शिकागोतलेच. गरिबांची सेवा करावयाची तर त्यांच्यात राहावयास जावे, ही कल्पना त्याच्याही आधी, १८८४ मध्ये, लंडनच्या ‘टॉयन्बी हॉल’ने मांडली होती. मॅनशार्ट ह्यांनी ती नागपाड्यात आणली आणि ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ उभे राहिले. तेथे वाचनालय होते, वर्ग होते, व्याख्याने होती, आरोग्याची व्यवस्था होती, आणि खेळ होता. पाद्र्याने चालविलेले केंद्र म्हटल्यावर शेजाऱ्यांच्या मनात जी शंका येते ती मॅनशार्ट ओळखून होते. दाराशी येणाऱ्याचा धर्म बदलणे हा त्यांनी केंद्राचा हेतू ठेवला नाही. ज्या वस्तीत चार धर्म एका जिन्यावर राहतात, तेथे दुसरा मार्गही नव्हता.

ह्या घराला दोन फळे आली. पैकी एकाची कीर्ती सर्वत्र आहे. वस्तीत काम करावयाचे तर शिकलेली माणसे हवीत, ही अडचण मॅनशार्ट ह्यांना रोजच्या अनुभवातून जाणवली. त्यातून सर दोराबजी टाटा न्यासाच्या साहाय्याने १९३६ मध्ये समाजकार्याचे पहिले विद्यालय नागपाड्यातच सुरू झाले. तेच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून नावारूपास आले आणि १९५४ मध्ये देवनारला गेले. विद्यालय गेले, पण दुसरे फळ नागपाड्यातच राहिले. ते म्हणजे बास्केटबॉल. हा खेळ तेथे असा रुजला, की नागपाडा म्हणजे भारतीय बास्केटबॉलचे माहेरघर असे म्हणण्याची वहिवाट पडली. १९७० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळविणारे आणि भारताचे कर्णधारपद भूषविणारे अब्बास मुंतसीर ह्याच गल्ल्यांतून वर आले. आजही ह्या भागात महापालिकेच्या एका क्रीडांगणाला बच्चूखान ह्यांचे नाव आहे. मंत्र्याचे नव्हे, देणगीदाराचेही नव्हे. मुलांना खेळ शिकविणाऱ्या वस्तीतल्याच माणसाचे. मैदानांना नावे देण्याच्या आपल्याकडील रीतीत हा अपवाद डोळ्यांत भरण्याजोगा आहे.

मिशनरी आले नसते तर नागपाड्यात बास्केटबॉल आला नसता, हे उघड आहे. पण केवळ त्यांच्यावर भिस्त असती तर तो त्यांच्याबरोबर गेलाही असता. तो टिकला, कारण मैदान उघडण्याचे काम शेजारातल्या माणसांनी आपल्याकडे घेतले. जो मुलगा कालपर्यंत खेळावयास येत होता तो आज लहानांना शिकवू लागला. मैदानाची किल्ली कोणाच्या कनवटीला आहे, ह्यावर क्रीडाकेंद्राचे आयुष्य अवलंबून असते. ती दूरच्या कचेरीतल्या खिळ्यावर असली, तर सुट्टीच्या दिवशी, म्हणजे मुले मोकळी असतील नेमक्या त्या दिवशी, फाटकाला कुलूप राहते.

नागपूरने ह्याच प्रश्नाला उलट्या बाजूने हात घातला. तेथे आधी खेळ आला. जागा फार मागाहून आली. हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाविषयाचे अध्यापन करणारे विजय बारसे ह्यांनी २००१ मध्ये पावसात काही झोपडपट्टीतील मुले फुटकी बादली लाथाडीत खेळताना पाहिली. त्यांनी त्यांना चेंडू दिला. मग स्पर्धा भरविल्या. ‘झोपडपट्टी फुटबॉल’ हे नावही त्यांनी बिनदिक्कत दिले. काहींना ते रुचले नसेल, परंतु ज्या शब्दाने मुलांना हिणविले जाते तोच संघाच्या नावात घेण्यात एक रोखठोकपणा होता. बारसे निवृत्त झाले तेव्हा हाती आलेल्या पैशातून त्यांनी नागपूरबाहेर मुलांच्या प्रशिक्षणासाठी जमीन घेतली. सामान्य मध्यमवर्गीय शिक्षक ज्या पैशातून घराचा मजला चढवितो किंवा मुलीचे लग्न करतो, तो हा पैसा. पुढे ह्या संस्थेची मुले बेघरांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेत भारताकडून खेळली. त्या स्पर्धेचे मैदान अवघे २२ बाय १६ मीटर असते आणि प्रत्येक बाजूस चारच खेळाडू असतात, हेही येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. २०१६ मध्ये फुटबॉलच्या जागतिक महासंघाने संस्थेला विविधतेचा पुरस्कार दिला आणि २०२२ मध्ये नागराज मंजुळे ह्यांच्या ‘झुंड’ चित्रपटाने ही कथा घरोघरी पोहोचविली. चित्रपटामुळे एक गैरसमजही पसरला असण्याचा संभव आहे: की एखादा थोर मनाचा माणूस भेटला म्हणजे काम झाले. बारसे ह्यांच्या कामात पहिला चेंडू आणि चित्रपट ह्यांच्यामध्ये वीस वर्षांच्या संध्याकाळी आहेत. त्या पडद्यावर मावत नाहीत.

नागपूरहून पुन्हा भिलाईस यावे. येथील सेक्टर १ मध्ये पंत स्टेडियम आहे. कारखान्याचे कर्मचारी राजेश पटेल ह्यांनी तेथील बास्केटबॉलच्या मैदानांवर मुली घडविल्या. छत्तीसगडसारखे नवे, २००० साली जन्मलेले राज्य बास्केटबॉलच्या नकाशावर आले ते ह्या मुलींच्या जोरावर. सीमा सिंग, अंजू लाकडा अशी नावे भारतीय संघात गेली. कानपूरची पूनम चतुर्वेदी, उंची जवळजवळ सात फूट, तीही शिकावयास भिलाईलाच आली.

मुलींच्या बाबतीत मात्र २८ बाय १५ मीटरच्या हिशेबाने भागत नाही. मुलगा अंधार पडेपर्यंत बाहेर राहिला तर घरी रागे भरतात. मुलगी राहिली तर दुसऱ्या दिवशी तिला पाठवीतच नाहीत. दूरच्या खेड्यातील गरीब घरची मुलगी खेळावयाची, तर ती राहील कोठे, जेवील काय, शाळेत कोणत्या नावेत बसेल, आजारी पडली तर तिच्याजवळ कोण बसेल, हे सारे मैदानाच्या आराखड्यातच यावे लागते. आणि कोणत्याही स्थापत्यकाराच्या आराखड्यात ते येत नाही. पटेल ह्यांनी कित्येक मुलींना स्वतःच्या घरी ठेवून घेतले. म्हणजे क्रीडाकेंद्राची हद्द स्टेडियमच्या भिंतीपाशी न थांबता प्रशिक्षकाच्या स्वयंपाकघरापर्यंत गेली. त्या घरातील गृहिणीच्या वाट्याला किती पोळ्या आल्या असतील, ह्याची नोंद कोणत्याही पदकतालिकेत नाही.

राजेश पटेल २०१८ मध्ये वारले. असा माणूस गेल्यावर मैदाने राहतात, दिवे राहतात, कपाटातले चषक राहतात. मुली राहाव्यात म्हणून निराळी तजवीज करावी लागते, आणि ती एका माणसाच्या मोठ्या मनावर सोपवून चालत नाही.

रुळांपलीकडच्या वस्तीत उद्या क्रीडाकेंद्र बांधावयाचे ठरले, तर इमारतीचा खर्च ही त्यातली सोपी बाब आहे. तो शासन देईल, कारखाना देईल, कोणी दाता देईल, आणि कोनशिलेवर नाव कोरून घेईल. अवघड बाबी लहान आहेत. जमिनीच्या सातबाऱ्यावर, किंवा तिकडे जो कागद चालतो त्यावर, ‘क्रीडांगण’ हा शब्द लिहिलेला आहे की नाही; कारण न लिहिलेल्या जागेवर पाचव्या वर्षी दुकाने उभी राहतात. पिण्याच्या पाण्याचा नळ आहे की नाही. मुलींसाठी कडी लागणारे स्वच्छतागृह आहे की नाही. संध्याकाळचा एक तास केवळ मुलींचा म्हणून राखला आहे की नाही, आणि त्या तासाला मोठ्या मुलांना बाहेर थांबविण्याइतका वचक असलेली बाई तेथे नेमली आहे की नाही. तिचा पगार तीन वर्षांनी योजना संपल्यावर कोण देणार. आणि कंत्राटदाराकडे दिवसभर राबून सात वाजता घरी येणाऱ्या बापाने हौसेने तिकडे डोकवावे म्हटले, तर फाटक तोवर उघडे असते की नाही.

सेक्टरातील मैदान आणि कॅम्पमधील मूल ह्यांच्यामध्ये अंतर फारसे नाही. मधे रूळ आहेत.