जनुकांचा नकाशा आणि मालकीचा प्रश्न

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'आनुवंशिकता' हा शब्द उच्चारला की पुरोगामी चळवळीतला माणूस जरा सावध होतो, आणि त्याला सबळ कारण आहे. या देशात माणसाची पायरी जन्मावरून ठरविण्यात आली. 'रक्तातच असावे लागते' या तीन शब्दांत कित्येक पिढ्यांचे शिक्षण, पाणी आणि प्रतिष्ठा हिरावून घेण्याचे समर्थन सामावलेले होते. जर्मनीत नाझी राजवटीने जुलै १९३३ मध्ये सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला, तोही आनुवंशिकतेचेच नाव घेऊन. तेव्हा हे शास्त्र वरच्यांच्या सोयीचे आहे, त्यापासून दूर राहावे, असे कार्यकर्त्याला वाटल्यास नवल नाही.

पण शास्त्राकडे पाठ फिरविल्याने शास्त्र थांबत नाही. ते फक्त दुसऱ्यांच्या हाती जाते. म्हणून दोन प्रश्न सरळ विचारले पाहिजेत. हे शास्त्र खरोखर काय सांगते? आणि त्यातून निघालेल्या ज्ञानावर मालकी कोणाची?

वाटाण्यांचा हिशेब

ब्रनो हे शहर आज झेक प्रजासत्ताकात आहे; त्या काळी ते ऑस्ट्रियन साम्राज्यात होते. तेथील मठातील एक संन्यासी ग्रेगोर मेंडेल याने १८५६ ते १८६३ या काळात मठाच्या बागेत वाटाण्याचे संकर केले. गोल दाण्याच्या झाडाचा सुरकुतलेल्या दाण्याच्या झाडाशी संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीतले सर्व दाणे गोल निघाले. सुरकुती नाहीशी झाली असे कोणीही म्हटले असते. मेंडेलने पुढची पिढी घेतली आणि दाणे मोजले: ७,३२४ दाण्यांपैकी ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. म्हणजे जवळजवळ तीनास एक.

या साध्या प्रमाणात फार मोठा विचार दडलेला होता. आईबापांचे गुण दुधात पाणी मिसळावे तसे मिसळून जात नाहीत. ते ठरविणारे घटक, ज्यांना आज आपण जनुके म्हणतो, वेगवेगळे टिकून राहतात. प्रत्येक जिवाकडे अशा घटकांच्या जोड्या असतात. संततीला देताना प्रत्येक जोडीतला एकच घटक जातो, आणि कोणता जाईल हे योगायोगावर असते. मेंडेलचा निबंध १८६६ मध्ये छापला गेला, आणि १९०० पर्यंत जवळजवळ कोणी त्याची दखल घेतली नाही.

'शुद्ध रक्ता'च्या कल्पनेचे काय होते, ते आता पाहा. प्रत्येक जन्मात आईबापांची पत्ती नव्याने पिसली जाते. दहा पिढ्या मागे गेल्यास माणसाच्या वंशवृक्षात पूर्वजांची १,०२४ स्थाने असतात. कुळाच्या नावाने ज्या एका मूळपुरुषाचा अभिमान बाळगला जातो, तो त्यांतला एक. रिचर्ड लेवॉन्टिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७२ मध्ये जगातील निरनिराळ्या मानवसमूहांची तुलना केली. माणसामाणसांतील जनुकीय विविधतेचा सुमारे ८५ टक्के भाग कोणत्याही एका समूहाच्या आतच आढळतो, असे त्याला दिसले. म्हणजे शेजाऱ्याशेजाऱ्यांतला फरकच बहुतांशी मोठा आहे. जन्मसिद्ध श्रेष्ठत्वाचा पुरावा शोधणाऱ्यांना या शास्त्राकडून काही मिळण्यासारखे नाही.

बाटल्यांतील माशा

जनुके असतात हे समजले. पण ती असतात कोठे? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन याने त्यासाठी फळमाशी निवडली. पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारी ही माशी दुधाच्या बाटलीत वाढते, आणि दहाबारा दिवसांत तिची नवी पिढी तयार होते. १९१० मध्ये लाल डोळ्यांच्या माशांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर निघाला. त्याच्या वंशाचा माग काढताना डोळ्यांच्या रंगाचे जनुक लिंग ठरविणाऱ्या गुणसूत्रावरच असल्याचे दिसून आले. जनुकाला प्रथमच पत्ता मिळाला.

पुढचे पाऊल आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या पदवीच्या विद्यार्थ्याने टाकले. त्याची कल्पना समजण्यासाठी वारीतील दिंडी डोळ्यांपुढे आणावी. वारकरी एकामागे एक ओळीने चालले आहेत. वाटेत ती ओळ कोठेतरी तुटते आणि दोन भाग वेगळे होतात. पाठोपाठ चालणाऱ्या दोघांची ताटातूट क्वचितच होईल. पण एक ओळीच्या आरंभी आणि दुसरा शेवटी असेल, तर ते बहुधा वेगळे पडतील. गुणसूत्रावरील जनुकांचे तसेच आहे. अंडपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते. दोन जनुके किती वेळा वेगळी पडतात, हे संततीत मोजले की त्यांच्यातले अंतर काढता येते. स्टर्टेव्हंटने १९११ मध्ये एका रात्रीत हा हिशेब मांडला आणि १९१३ मध्ये सहा जनुकांचा जगातील पहिला नकाशा प्रसिद्ध केला. जनुक कोणी पाहिले नव्हते, ते कशाचे बनले आहे हेही कोणाला ठाऊक नव्हते; तरी त्याचे स्थान केवळ मोजणीने ठरले.

या प्रयोगशाळेची आणखी एक गोष्ट समाजवाद्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तेथे तयार झालेले माशांचे वाण मागेल त्या संशोधकाला विनामूल्य पाठविले जात. अजून न छापलेली माहितीही सांगितली जाई. मॉर्गनला १९३३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्याने त्या रकमेत आपल्या सहकाऱ्यांच्या मुलांचा वाटा ठेवला. ज्ञान हे असे धन आहे की ते एकाने वापरल्याने दुसऱ्याला कमी पडत नाही. अर्थशास्त्राचा हा प्राथमिक सिद्धान्त त्या खोलीत रोज आचरणात येत होता.

समाजवादाच्या नावाने

आता अप्रिय भागाकडे वळले पाहिजे. आनुवंशशास्त्रावर विसाव्या शतकातला एक सर्वांत क्रूर आघात झाला तो समाजवादाच्या नावाने, आणि ते लपवून ठेवण्यात चळवळीचे हित नाही.

निकोलाय वाविलोव हा सोव्हिएत वनस्पतिशास्त्रज्ञ. शेतीची पिके प्रथम कोठे उगम पावली याचा शोध घेत तो खंडोखंडी हिंडला, आणि त्याच्या लेनिनग्राडच्या संस्थेत अडीच लाखांच्या आसपास बियाण्यांचे नमुने जमा झाले. दुष्काळ आणि रोग यांना तोंड देणारी जनुके या वाणांतून शोधून उपाशी माणसाला अन्न द्यावे, हा त्याचा ध्यास होता. पण त्यासाठी वर्षे लागणार होती. त्रोफीम लिसेंको हा मात्र झटपट पिकाचे आश्वासन देत होता. परिस्थितीत बदल केला की पिकाची आनुवंशिकता हवी तशी वळविता येते, जनुक ही भांडवली कल्पना आहे, असे त्याचे म्हणणे. सत्तेला ते गोड वाटले. ६ ऑगस्ट १९४० रोजी वाविलोवला अटक झाली, आणि २६ जानेवारी १९४३ रोजी सारातोवच्या तुरुंगात तो उपासमारीने मेला. जगाची भूक भागविण्यासाठी बी गोळा करणारा माणूस अन्नावाचून गेला. लेनिनग्राडच्या वेढ्यात त्याच्या संस्थेतील सहकारी बियाण्यांच्या पोत्यांजवळ उपाशी मेले, पण बियाण्याला त्यांनी हात लावला नाही. त्यांत भाताचा संग्रह सांभाळणारा द्मित्री इवानोव होता.

ऑगस्ट १९४८ मध्ये लिसेंकोने सोव्हिएत कृषी अकादमीच्या अधिवेशनात जाहीर केले की आपल्या निवेदनाला पक्षाच्या मध्यवर्ती समितीची मान्यता आहे. त्या एका वाक्याने वाद संपला. आनुवंशशास्त्राचे अध्यापन बंद झाले, शास्त्रज्ञांच्या नोकऱ्या गेल्या, आणि १९६४ मध्ये ख्रुश्चेव्ह पायउतार होईपर्यंत लिसेंकोचा प्रभाव ओसरला नाही.

या प्रकरणात जे. बी. एस. हाल्डेन यांची कोंडी बोलकी आहे. १९३७ मध्ये ज्यूलिया बेल यांच्यासह त्यांनी माणसातील रक्तस्रावाचा रोग आणि रंगांधळेपणा यांची जनुके एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असल्याचे दाखविले. मानवी जनुकांच्या नकाशाचा तो आरंभ होता. तेच हाल्डेन ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाचे होते. लिसेंकोविरुद्ध स्पष्ट बोलायला ते बराच काळ कचरले, आणि १९५० च्या सुमारास पक्षातून बाहेर पडले. १९५७ मध्ये ते भारतात आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. एवढ्या निर्भय माणसालाही पक्षनिष्ठेने काही काळ गप्प केले, यातला बोध स्पष्ट आहे. संशोधन कोणासाठी करावे, पैसा कोठे घालावा, हे समाजाने जरूर ठरवावे; परंतु संशोधनाचे उत्तर काय यावे, हे कोणत्याही पक्षाने ठरवू नये. पीक पक्षाचा ठराव वाचून वाढत नाही.

नफ्याच्या नावाने

दुसरा धोका बाजाराचा. १९९० मध्ये अनेक देशांच्या सार्वजनिक पैशावर मानवाच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन सुरू झाले. सुमारे तीन अब्ज अक्षरांचा हा मजकूर. १९९६ मध्ये बर्म्युडा येथे भरलेल्या बैठकीत संशोधकांनी ठरविले की वाचलेला भाग २४ तासांच्या आत सर्वांसाठी खुला करावयाचा. १९९८ मध्ये एक खाजगी कंपनी उतरली. हेच काम लवकर करून माहिती वर्गणीदारांना विकण्याचा तिचा बेत होता, आणि सार्वजनिक प्रकल्पाची खुली माहिती ती वापरीतच होती. ब्रिटनमध्ये जॉन सल्स्टन यांनी हट्टाने सार्वजनिक बाजू लढविली. २००० च्या जूनमध्ये दोन्ही बाजूंनी मिळून आराखडा जाहीर केला. २००३ मध्ये प्रकल्प पुरा झाल्याची घोषणा झाली, आणि उरलेल्या अवघड फटी २०२२ मध्ये भरल्या गेल्या. आज कोणताही विद्यार्थी हा मजकूर फुकट वाचू शकतो. हे आपोआप घडले नाही, ते लढून मिळाले.

जेथे लढा उशिरा झाला, तेथे काय झाले तेही पाहावे. स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढविणारे एक जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे, हे मेरी-क्लेअर किंग यांच्या गटाने १९९० मध्ये दाखविले. पुढे मिरियड या अमेरिकन कंपनीने त्या आणि त्याच्या जोडीच्या दुसऱ्या जनुकावर पेटंटे घेतली. चाचणीचा भाव तीन हजार डॉलरच्या वर गेला, आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत फेरतपासणीची वाट बंद झाली. स्त्रीच्या शरीरातील जनुक, आणि ते तपासण्याचा हक्क कंपनीचा! १३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की निसर्गात असलेला जनुकाचा भाग केवळ वेगळा काढला म्हणून कोणाच्या पेटंटचा होत नाही. प्रयोगशाळेत रचलेल्या प्रतीवरचे पेटंट मात्र त्याच निर्णयाने शाबूत ठेवले.

भारतीय कायदा याबाबत अधिक सावध आहे. पेटंट कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीने निसर्गात सापडणाऱ्या सजीव वा निर्जीव वस्तूच्या शोधाला पेटंट नाकारले, आणि बियाणेही पेटंटच्या कक्षेबाहेर ठेवले. २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याने शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचा हक्क मान्य केला. फक्त संरक्षित वाण छापाच्या पिशवीत विकता येत नाही. ही कलमे पुष्कळ कार्यकर्त्यांना ठाऊक नसतात. ठाऊक नसलेला हक्क काढून घेणे सर्वांत सोपे असते.

विदर्भातील कसोटी

या साऱ्याची कसोटी महाराष्ट्रात विदर्भात आणि सातपुड्याच्या रांगांत लागते. सिकलसेल या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. सांधे ठणकतात, रक्त कमी पडते. कारण अकराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात एका अक्षराचा बदल. दोन्ही पालकांकडून बदललेले जनुक मिळाले तरच आजार होतो. एकाकडून मिळाले तर माणूस केवळ वाहक राहतो, आणि त्याला मलेरियाच्या गंभीर स्वरूपापासून काहीसे संरक्षणही लाभते. म्हणूनच आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य सागराचा काठ आणि मध्य भारत अशा मलेरियाच्या प्रदेशांत हे जनुक टिकले. ते कोणत्याही जातीचा वा जमातीचा कलंक नाही. ते डासांच्या मुलखातील जगण्याचा इतिहास आहे. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाच्या वेळी आजाराची शक्यता चारांत एक. मेंडेलच्या वाटाण्याचा तोच हिशेब गडचिरोलीच्या झोपडीत खरा ठरतो.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत जनुक-संपादनावर आधारलेल्या उपचाराला मंजुरी मिळाली. ज्या तंत्रावर तो उभा आहे ते मुख्यत्वे विद्यापीठांच्या प्रयोगशाळांतून आले. उपचाराचा भाव मात्र ठरला २२ लाख डॉलर, त्या वेळच्या दराने १८ कोटी रुपयांहून अधिक. दुसरीकडे, नवजात बालकाची चाचणी, जंतुसंसर्गापासून रक्षण करणारे पेनिसिलिन आणि हायड्रॉक्सियुरिया ही औषधे स्वस्त आहेत, आणि त्यांनी जीव वाचतात. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. तपासणी झाली, कार्ड हाती पडले, पण उपकेंद्रात गोळ्या नसल्या, तर त्या कार्डाचा उपयोग एकच उरतो: मुलीचे लग्न मोडण्याचा. अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात कृष्णवर्णीयांच्या अशाच तपासण्या झाल्या, आणि निरोगी वाहकांनाही नोकरी व विमा नाकारण्यात आला.

म्हणून कार्यकर्त्यापुढील काम नेमके आहे. तपासणी ऐच्छिक असावी आणि तिचा निष्कर्ष गुप्त राहावा. वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे पाड्यापाड्यावर सांगितले जावे. कार्डाआधी औषध पोचावे. सार्वजनिक पैशातून निघालेल्या उपचाराचा भाव सार्वजनिक सौदेबाजीने ठरावा.

जनुके आईबापांकडून येतात. त्यांत कोणाचे कर्तृत्व नाही आणि कोणाचा दोषही नाही. औषध मात्र समाजाकडून यावे लागते. ते आले नाही, तर तो दोष जनुकाच्या माथी मारता येणार नाही.