संशय, साक्ष आणि कुलूप



अधारताल हे मुळात एका तलावाचे नाव आहे. गोंडवनाची राणी दुर्गावती हिचे मंत्री अधारसिंह यांनी तो बांधविला, असे परंपरा सांगते. राणीताल राणीचा, चेरीताल तिच्या दासीचा आणि अधारताल मंत्र्याचा, अशी जबलपूरच्या तळ्यांची वाटणीच लोकांनी करून टाकली आहे. राणी १५६४ मध्ये रणांगणावर पडली. तलावाच्या परिसरात पुढे वस्ती वाढत गेली. १९६४ मध्ये जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय स्थापन झाले, कारखाने आले आणि कटनीकडे जाणारा रस्ता रहदारीने गजबजला. ज्या घरांच्या अंगणात एकेकाळी सायकली उभ्या असत, त्यांच्या फाटकाबाहेर आता मोटारी उभ्या असतात. घर बांधले तेव्हा मोटारीची कल्पना नव्हती, म्हणून तिला आत जागा नाही. आजचा विषय या फाटकापाशीच सुरू होतो.

अशाच एका वसाहतीतील एका गृहस्थांची कल्पना करावी. सकाळी ते कामावर निघतात आणि पाहतात तो मोटारीचे डावे दार नीट लागलेले नाही. डॅशबोर्डचा कप्पा उघडा आहे, कागद आसनावर विखुरले आहेत. काच फुटलेली नाही. काय गेले, हे चटकन सांगता येत नाही. चोरी झाली की नाही, हेही सांगता येत नाही. अशा वेळी बहुतेक माणसे दोन गोष्टी करतात. एक म्हणजे, आत बसून सर्व वस्तू चाचपून पाहतात आणि कागद पुन्हा कप्प्यात नीट लावून ठेवतात. दुसरी म्हणजे, अर्ध्या तासाच्या आत चोर कोण हे ठरवून टाकतात. पहिल्या गोष्टीने पुरावा नष्ट होतो. दुसरीने त्याहून मोठी हानी होते, आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

प्रथम पुराव्याविषयी. मोटारीला हात न लावता तिच्याभोवती एक फेरी मारावी, दारांची, कुलपांची व आतील भागाची छायाचित्रे घ्यावीत, वेळ लिहून ठेवावी. काच फुटली असेल तर तिचे तुकडे झाडून टाकू नयेत. बाजूच्या खिडक्यांची काच तापवून कठीण केलेली असते. ती फुटते तेव्हा तिचे बारीक, बोथट दाणे होतात. पुढची काच दोन थरांची व मध्ये चिवट पापुद्रा असलेली असते, म्हणून ती तडकली तरी जागीच राहते. चोर सहसा बाजूच्याच काचेकडे वळतो, तो यामुळे. दाणे आसनावर पडले आहेत की रस्त्यावर, यावरून आघात कोणत्या बाजूने झाला याचा अंदाज येतो. काच शाबूत असेल, तर आदल्या रात्री दार खरोखरच लावले होते काय, हा प्रश्न स्वतःला विचारावयास हवा. दुरून कळ दाबून कुलूप लावण्याची सोय आल्यापासून दार ओढून पाहण्याची सवय मोडली आहे, आणि कळ दाबली म्हणजे कुलूप लागलेच असे नाही. आतील वस्तूंची यादी आठवून कागदावर लिहावी. ती करताना घरातील मुलांनाही विचारावे. उघड्या कप्प्याचे रहस्य पुष्कळदा तेथेच उलगडते.

आता संशयाविषयी. घरकाम करणाऱ्या बाई, रात्रीचा चौकीदार, चार दिवसांपूर्वी मोटार धुऊन गेलेला मुलगा, कोपऱ्यावर पाल ठोकून राहिलेले कुटुंब, याच क्रमाने नावे घेतली जातात. ही नावे पुराव्यातून आलेली नसतात. ती आधीपासून मनात तयार असतात आणि चोरी हे त्यांच्या उच्चाराचे केवळ निमित्त ठरते.

जबलपूरच्या माणसांना हा इतिहास परका नाही. १८३० च्या दशकात कर्नल स्लीमन यांनी ठगांच्या बंदोबस्ताचे काम याच शहरातून चालविले. वाटसरूंच्या हत्या होत होत्या, यात शंका नाही. परंतु १८३६ च्या कायद्याने अमुक एका माणसाने अमुक एक गुन्हा केला हे सिद्ध करण्याची गरजच उरली नाही. तो कधीकाळी ठगांच्या टोळीत होता, एवढे ठरले की जन्मठेप. साक्ष पुष्कळदा माफीच्या साक्षीदाराची असे, आणि माफीच्या साक्षीदाराला नवीन नावे सांगत राहणे भाग होते. याच विचाराची पुढची पायरी म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा. त्याने संपूर्ण जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले, त्यांच्या हजेऱ्या लावल्या, त्यांच्या येण्याजाण्यावर बंदी घातली. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपुष्टात आला आणि त्या जमातींना विमुक्त हे नाव मिळाले.

मराठी मुलखातील रामोश्यांचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. गावाची राखण करणे, किल्ल्यांवर पहारा देणे हे रामोश्यांचे परंपरागत काम. रामोशी हा शब्द पहारेकरी या अर्थाने मराठीत रूढ झाला, तो त्यामुळेच. इंग्रजी राज्यात त्यांची वतने गेली, उमाजी नाईकांनी बंड केले, १८३२ मध्ये त्यांना फाशी झाली, आणि पुढे ज्यांच्या हाती गावाच्या किल्ल्या असत त्यांचीच जमात गुन्हेगारांच्या यादीत गेली. ती आज महाराष्ट्रातील विमुक्त जातींमध्ये मोडते. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नावाला चिकटलेला संशय पिढ्यान्‌पिढ्या कसा छळतो, हे मराठी वाचकाला त्या पुस्तकाने घरात आणून दाखविले. अधारतालच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या गृहस्थांनी कोपऱ्यावरच्या पालाकडे बोट दाखविण्यापूर्वी हे सर्व आठवावे, अशी अपेक्षा कदाचित जास्त होईल. निदान पोलिसांना माहिती देताना पाहिलेले व मानलेले यांत त्यांनी भेद करावा. दार उघडे होते, हे त्यांनी पाहिले आहे. चौकीदाराने उघडले, हे त्यांनी मानले आहे. माहितीत फक्त पहिले लिहावे.

माहिती मात्र अवश्य द्यावी. काही गेले नाही तर तक्रार कशाला, हा समज चुकीचा आहे, कारण चोरीचा प्रयत्न हाही गुन्हाच. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्यातील एक बदल येथे नोंदण्यासारखा आहे. १८६० च्या संहितेत घरातील चोरीला वेगळी, अधिक कडक शिक्षा होती. पण घर म्हणजे इमारत, तंबू अथवा जलयान. मोटार तेव्हा जन्मालाच आली नव्हती, त्यामुळे मोटारीतून उचललेली पिशवी कायद्याच्या दृष्टीने रस्त्यावरून उचललेल्या पिशवीसारखीच राहिली. नव्या संहितेच्या ३०५ व्या कलमात माल किंवा प्रवासी वाहून नेणारी वाहने आणि त्यांतील वस्तू यांच्या चोरीचा स्पष्ट समावेश झाला असून शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमान्वये दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, मग गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो. ती इलेक्ट्रॉनिक साधनानेही पाठविता येते, मात्र तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही करावी लागते. नोंदीची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्याने नोंद करण्यास नकार दिल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करता येतो. चोर अजून जवळपास असण्याचा संभव असेल, तर प्रथम ११२ हा क्रमांक फिरवावा आणि आपण घरातच थांबावे.

विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवावे, आणि तिचा पाहणीदार येईपर्यंत काच बदलू नये. मोटारीचा नेहमीचा विमा मोटारीपुरता व तिला जोडलेल्या उपकरणांपुरता असतो. आसनावर ठेवलेला संगणक किंवा दागिन्यांची पेटी त्यात सहसा येत नाही, ही गोष्ट बहुतेकांना चोरी झाल्यावर कळते.

यानंतरचा प्रश्न या व्याख्यानाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. कप्प्यात काय होते? नोंदणीपत्र होते, त्यावर घराचा पत्ता आहे. विजेचे बिल होते, त्यावरही पत्ता आहे. आणि पुष्कळ कुटुंबांत, हरवली तर असू द्यावी म्हणून, घराची दुसरी किल्लीही त्याच कप्प्यात असते. म्हणजे पत्ता आणि किल्ली या दोन्ही वस्तू एकाच हाती पडल्या. मोटारीतून पाचशे रुपये गेले म्हणून हळहळणाऱ्या गृहस्थांच्या हे ध्यानात येत नाही की खरी चोरी कदाचित अजून व्हावयाची आहे. किल्ली सापडत नसेल तर त्याच दिवशी, संध्याकाळच्या आत, मुख्य दाराचे कुलूप बदलावे. आजच्या बहुतेक कुलपांत आतील नळकांडे तेवढे बदलता येते, संपूर्ण कुलूप काढावे लागत नाही. मूळ नोंदणीपत्र मोटारीत ठेवण्याची आवश्यकताही आता राहिलेली नाही, कारण डिजिलॉकरमधील प्रत तपासणीच्या वेळी ग्राह्य धरली जावी, अशी तरतूद २०१८ पासून आहे.

कुलूप कोणते घ्यावे, असे लगेच विचारले जाते. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईला लालबागेत कुलपांचा कारखाना काढला, तेव्हापासून भारतीय घराला चांगल्या कुलपाची वाण पडलेली नाही. परंतु न उघडणारे कुलूप जगात नाही. १८५१ मध्ये लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने, अभेद्य म्हणून गाजलेले ब्रामाचे कुलूप उघडून दाखविले. त्यासाठी त्याला सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास लागले. लंडनकर हादरले. वास्तविक त्यांनी निश्चिंत व्हावयास हवे होते, कारण कोणत्या चोराजवळ एक्कावन्न तास असतात? चोराचा वेळ खाणे, एवढेच कुलपाचे काम.

आणि हा वेळ कुलपापेक्षा दाराची चौकट अधिक खाते. महागडे कुलूप आणि त्याची जीभ ज्यात शिरते ती पट्टी अर्ध्या इंचाच्या दोन स्क्रूंवर, हे दृश्य घरोघर आढळते. एका लाथेत कुलूप शाबूत राहते व चौकट फुटते. लांब स्क्रू, भिंतीत पक्की बसविलेली चौकट, बाहेरून काढता न येणाऱ्या बिजागऱ्या आणि रात्री आतून अडसर, यांचा खर्च एका नव्या कुलपाहून कमीच येतो. जुन्या वाड्यांचे सुतार हे जाणून होते. खिडक्यांना गज असावेत, पण एका खिडकीची जाळी आतून उघडता येईल अशी ठेवावी; आग लागली तर चोरासाठी केलेला बंदोबस्त घरच्यांनाच कोंडून ठेवतो. दाराला बाहेरून लोंबणारे मोठे कुलूप घरात कोणी नसल्याची पाटीच होय. पायरीवर साचलेली वर्तमानपत्रेही तेच सांगतात.

कॅमेऱ्याविषयी थोडे. तो चोराला अडवीत नाही, फक्त पाहतो. त्यातील घड्याळ बरोबर नसेल, किंवा तो इतक्या उंचीवर असेल की केवळ टोपीच दिसावी, तर ते पाहणेही वाया जाते. चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून घटनेनंतर त्याची प्रत लगेच काढावी आणि मूळ यंत्र जपून ठेवावे. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीविषयीच्या खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा चित्रणाच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतेच, असा निर्णय दिला. नव्या साक्ष्य अधिनियमातही ती अट आहे.

कुलूप नसलेल्या गावाची गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील शनिशिंगणापूरला घरांना दारे नाहीत. गावाचे रक्षण शनिदेव करतो, ही तेथील श्रद्धा. रात्री कुत्रे शिरू नये म्हणून चौकटीला फळी टेकवितात, इतकेच. २०११ मध्ये तेथे युको बँकेने शाखा उघडली तेव्हा गावाच्या भावनेचा मान राखून काचेचे दार बसविले आणि त्याचे विद्युत्‌चुंबकीय कुलूप दिसणार नाही असे केले. त्याच्या आदल्या वर्षी, २०१० मध्ये, या गावातून एक चोरीची तक्रार आली. ती कोणत्याही घरातली नव्हती. बाहेरून आलेल्या एका भाविकाच्या वाहनातून रोख रक्कम व मौल्यवान चिजा मिळून सुमारे पस्तीस हजारांचा ऐवज गेला होता. २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणे आले. उघड्या घरांच्या गावात बंद मोटार फुटावी, याचा अर्थ प्रत्येकाने आपल्या श्रद्धेप्रमाणे लावावा. एक गोष्ट मात्र निश्चित दिसते. घराला शेजार असतो. उंबरठ्यावर कोण आले, कोण गेले, हे चार डोळे पाहत असतात. उभ्या केलेल्या मोटारीला शेजार नसतो. ती कोणाची, तिचे दार उघडणारा मालक की परका, हे जवळून जाणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही.

म्हणून अधारतालच्या त्या गृहस्थांनी, कुलूप बदलून झाल्यावर, आणखी एक काम करावे. आपल्या मोटारीचा क्रमांक समोरच्या व शेजारच्या घरी सांगावा, त्यांच्या मोटारींचा क्रमांक आपण जाणून घ्यावा, फाटकावरचा दिवा रस्त्यावर प्रकाश पडेल असा वळवून घ्यावा. आणि मग चौकीदाराला बोलावून, त्याला खुर्ची देऊन, काल रात्री त्याने काय पाहिले ते विचारावे. रात्री तीन वाजता या गल्लीत जागा असणारा तो एकटाच. सकाळपासून त्याच्याविषयी सर्वजण बोलत आहेत, पण त्याच्याशी अजून कोणीच बोललेले नाही.